रिकाम्या बाजूची जोडी

मी एक जुना माईक आहे. जुना म्हणजे किती, ते माझ्या जाळीवरच्या पोच्यांवरून समजून घ्या. कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, मला तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो" म्हटले आणि लगेच पुढचा माईक उचलला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी कुणी बोलले, तेही दोन शब्दांत उरकले, याचा मला फार राग आला होता. पुढे मी मेरिल योकमच्या हातात पडलो आणि ती कसर पुरेपूर भरून निघाली. हा माणूस गप्प बसतच नाही.

मेरिल आमच्या मिसुरीच्या डोंगरातल्या स्क्वेअर डान्स क्लबाचा पुकारणारा. मित्रांनो, या नाचात पुढचे पाऊल आपले आपण ठरवायचे नसते. चार बाजूंना चार जोड्या उभ्या राहिल्या की आठ जणांचा एक चौक होतो. मग ओट्यावरून पुकारणारा जे सांगेल ते करायचे. "शेजारच्याला डावा हात! आपल्या माणसाला उजवा! जोडीनं चला, जोडीनं चला!" बाजा वाजत असतो, माणसे एकमेकांत गुरफटत जातात, आता हा गुंता काही सुटत नाही असे वाटते. तेवढ्यात मेरिल ओरडतो, "घरी या!" आणि काय सांगू, सगळे आपापल्या जागी हजर! चौकातल्या आपल्या जागेला आम्ही घर म्हणतो.

एके काळी आमच्या हॉलात पाय ठेवायला जागा नसे. बूट वाजत, घेरदार झगे उडत, आणि लोक येऊन मेरिलला म्हणत, "तुझा आवाज म्हणजे लोणी आहे लोणी!" त्यातले निम्मे श्रेय माझे होते, पण माईकाचे कौतुक कोण करतो? नंतर कुणाचे गुडघे गेले, कुणाची मुले शहरात गेली, तर कुणी मागच्या टेकडीवर कायमचे निजले. उरली सहा माणसे. वेल्मा आणि क्लीटस ही जुनी जोडी, आणि वेल्माने चर्चमधून अक्षरशः धरून आणलेल्या दोन नवशिक्या जोड्या. हॉलच्या कमिटीने सांगून टाकले, की सफरचंदे उतरेपर्यंत निदान एक पुरा चौक जमला नाही, तर क्लब बंद.

क्लब बंद म्हणजे मेरिल बंद. हे मला कुणी सांगायला नको होते. बाहेर तो काठी टेकत चालणारा म्हातारा असे. मला हातात घेतले की त्याची पाठ ताठ होई. वेल्मा म्हणायची, "याला घरी बसवलं तर आठ दिवसांत अंथरूण धरेल, बघा."

आता एक जोडी कमी असली तर आमच्यात काय करतात, ते ऐका. ती बाजू तशीच मोकळी ठेवतात आणि तिथे भुतांची जोडी आहे असे समजून नाचतात. रिकाम्या हवेला हात द्यायचा, भुताला वळायला वेळ द्यायचा आणि पुढे जायचे. सगळ्याच क्लबांत हे चालते, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण त्या वसंतात नाचाच्या पहिल्याच मंगळवारी मेरिलला थट्टा सुचली. मोकळ्या बाजूकडे बोट करून तो माझ्यातून म्हणाला, "आणि भुतांनो, लाजायचं नाही बरं का! ही बाजू तुमची. हे तुमचं घर. कुठंही फिरलात तरी परत इथंच यायचं."

सगळे खो खो हसले. मी हसलो नाही. त्या बाजूने चामड्याच्या तळव्यांचा आवाज आला होता. कुणीतरी येऊन नीट उभे राहिल्यासारखा.

त्या दिवसापासून नाच बिघडेनासा झाला. नवशिके चुकेनात. अहो, क्लीटससुद्धा चुकेना! हा गृहस्थ जन्मभर डावा सांगितला की उजवा देणारा. वेल्मा म्हणाली, "क्लीटस, आज काय खाऊन आलास रे?"

"मी काही करत नाहीये," क्लीटस आपल्या हाताकडे बघत म्हणाला. "मला कुणीतरी बरोबर ओढून नेतंय."

"चल, काहीतरीच!" म्हणत वेल्माने त्याचा हात धरला आणि झटकन सोडला. हात ओल्या दगडासारखा गार होता. मग तिने आपली बोटे गालाला लावून पाहिली. तीही तशीच. पुढच्या मंगळवारी ती हातमोजे घालून आली. मेरिल मात्र खुशीत होता. त्याला वाटले, आपण शिकवतोच इतके छान.

उन्हाळा सरत आला तेव्हा जोलीन आणि रॉस हे तरुण जोडपे गावात राहायला आले आणि विचारपूस करत हॉलात शिरले. आठ माणसे झाली! वेल्माने पीच घातलेला केक कापला. मेरिलने डोळे पुसले, मला दिसले. त्याने मोठ्या थाटात त्या दोघांना मोकळ्या बाजूला उभे केले, आणि पहिल्याच फेऱ्यात चौक मोडला. जोडला, पुन्हा मोडला. जोलीन घरी परतली की धक्का खाऊन बाहेर पडे.

"माझ्या पायावर कुणीतरी पाय दिला," ती म्हणाली.

"मी नाही हं!" रॉस म्हणाला. तो खरेच चार हात लांब होता.

तीन मंगळवार असेच गेले. तिसऱ्या खेपेला जोलीन रडकुंडीला आली. "मिस्टर योकम, राग मानू नका, पण हे आमच्याच्यानं होणार नाही. आमच्यामुळं सगळ्यांचा विरस होतोय. आम्ही जातो." बाहेर सफरचंदांच्या गाड्या भरायला लागल्या होत्या. 

तेव्हा वेल्मा ओट्यापाशी आली. "मेरिल, त्या पोरीचं काही चुकत नाहीये. तिच्या जागेवर आधीच कुणीतरी आहे. आणि ते घर त्यांना तूच दिलंयस."

"मी थट्टा केली होती गं!"

"तू थट्टा केलीस, त्यांनी खरं धरलं. आता ज्यानं बोलावलं त्यानंच उठवायचं. एवढी माणसं नाचवलीस, दोन भुतं नाचवत दाराबाहेर ने की!"

मेरिलने बाजाची तबकडी लावली. जिवंत माणसे भिंतीला चिकटून उभी राहिली. सूर्य अजून मावळला नव्हता, हॉलभर पिवळे ऊन पसरले होते, आणि मोकळ्या फरशीकडे बघत मेरिल पुकारू लागला, "चौथी जोडी, तुम्ही दोघंच. जोडीनं चला. दाराकडं चला. सावकाश, घाई नको." तळवे वाजू लागले. या वेळी सगळ्यांनी ऐकले, कारण दुसरे कुणी नाचत नव्हते आणि आवाज माझ्यातून कर्ण्यात जात होता. जाळीचे दार आपोआप उघडले. जोलीनने रॉसचा दंड घट्ट पकडला. पावले पायऱ्यांवर गेली, गवतात गेली, आणि मेरिलने सुटकेचा मोठा श्वास सोडला.

आणि तिथेच घात झाला. त्या श्वासाबरोबर त्याच्या तोंडून निघून गेले, "शाबास! सगळ्यांनी घरी या!"

पुकारणाऱ्याच्या जिभेचे वळणच ते. फेरा संपला की हे शब्द निघायचेच. वेल्माने कपाळावर हात मारला. दार धाडकन भिंतीवर आपटले आणि पावले परत आली. पण आता ती दोघांची नव्हती. सगळ्यांनी या म्हटल्यावर टेकडीवर निजलेले सगळेच आले होते. जुने, जड, ओळखीचे बूट दारातून येतच राहिले, येतच राहिले. हॉल गार पडला. मला वाटले, आता ही माणसे ओरडत पळणार आणि सगळे संपणार.

पण मेरिल हा मेरिल आहे. हॉलात गर्दी झाली की काय करायचे, ते त्याला चांगले ठाऊक. त्याने मला तोंडाजवळ धरले. तो नेहमीच्याच सुरात म्हणाला, "बस्स, बस्स, गर्दी नको! खिडकीकडं जागा आहे. तिकडं दुसरा चौक करा. ही बाजू या पोरांची."

पावले खिडकीकडे सरकली. जोलीन दबकत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तिला कुणी ढकलले नाही. बाजा वाजला, फेरा झाला, आणि "घरी या" म्हणताच ती रॉसशेजारी येऊन थांबली आणि हसता हसता रडली. क्लब वाचला.

खिडकीकडचा चौक मात्र नाचत नव्हता. मी कान लावून ऐकले. तीन बाजूंना जोड्या होत्या. चौथ्या बाजूला एकाच बाईचे बूट होते, आणि ती वाट पाहताना टाच हळूच आपटत होती. ती टाच मी ओळखतो. ती आयोना, मेरिलची वारलेली बायको. पुकारणाऱ्याची बायको जन्मभर दुसऱ्यांबरोबर नाचते, कारण तिचा माणूस ओट्यावर असतो. मेरिलला चौकात कधी घर मिळालेच नाही. आता त्यांनी ते त्याच्यासाठी मोकळे ठेवले होते. आपण ठेवतो ना, अगदी तसेच.

कर्ण्यातून ती टाच मेरिलनेही ऐकली. तो पांढराफटक पडला. मग त्याने खिडकीकडे वळून एक पाय ओट्याखाली ठेवला. माझी वायर ताणली गेली. मला हात असते तर मी त्याला धरून ठेवले असते.

बाजा अजून वाजतच होता. इतक्यात क्लीटस, ज्याला आता ओढून न्यायला कुणी नव्हते, भलत्याच दिशेने वळला आणि रॉसच्या छातीवर जाऊन आदळला. "अरे तो उजवा!" वेल्मा किंचाळली. मेरिलने वळून पाहिले.  मग पाय वर घेऊन खिडकीकडे तोंड करून माझ्यातून म्हणाला, "आयोना, जरा थांब गं. या बाबाला डावा-उजवा कळेपर्यंत मला इथून हलता येत नाही."

टाच थांबली. आयोना अजून थांबली आहे. दर मंगळवारी मला खिडकीकडून तिचा श्वास ऐकू येतो.

म्हणून मित्रांनो, माझी एक कळकळीची विनंती आहे. माझी जाळी पुसू नका, पोचे काढू नका, माझे काही म्हणणे नाही. पण तुम्ही नाच शिकायला या. आणि आलात की डावा सांगितला तर खुशाल उजवा द्या, शेजाऱ्याला धडका, भलत्याच घरी जाऊन उभे राहा. मेरिल रागावणार नाही, पुन्हा पहिल्यापासून शिकवेल. गेल्या मंगळवारी क्लीटस एकदाही चुकला नाही. लवकर या, आणि फार सावकाश शिका.