सरकीला डिंक नसतो

मी सरकी बोलतेय. कापूस नव्हे, सरकी! कापसाचं कौतुक साऱ्या गावाला, आणि ज्या बीच्या अंगावर तो उगवतो तिला मात्र घाण्यात घालून तेल काढायचं. काय ती तुमची अक्कल!

वर म्हणता, कापूस सरकीला चिकटलेला असतो. चिकटायला मी काय पोस्टाचं पाकीट आहे? अहो, तो धागा म्हणजे माझ्याच सालीची पेशी, लांबच लांब वाढलेली. जवळजवळ सगळी सेल्युलोजची. लांब धाग्याचं बूड नाजूक, ओढला की तुटतो. आखूड लवीचं बूड घट्ट, म्हणून ती अंगावरच राहते.

फुलंब्रीजवळच्या वस्तीवर चतुराबाईनं मला गाडग्यात जपलं. तिच्या आईनं दिलेलं गावरान बी, आसपासच्या गावांत आता कुणाकडंच नाही. पेरणीआधी ती आम्हाला शेण-राखेत कालवून बाजेवर चोळायची. लव अंगाशी बसली की आम्ही एकमेकींत न अडकता हातातून सुट्या पडायचो. ती शाळेत गेली नाही, पण माझ्या सालीला तिनं कधी धक्का लावला नाही.

यंदा तिचा खांदा धरला. म्हणून चोळायचं काम तिनं पुतण्याला, सत्यमला सांगितलं. हा हर्सूलला राहतो, केमिस्ट्रीत बीएस्सी झालेला. शेण बघून साहेबांनी नाक मुरडलं आणि कुठूनतरी ॲसिडची बाटली आणून आमच्या अख्ख्या गाडग्यात ओतली.

लव विरघळते, एवढं त्याचं खरं होतं. दोन-तीन मिनिटांत आम्ही काळ्याभोर झालो. तेव्हाच धुवायचं की नाही? पण पठ्ठ्याला वाटलं, लव गेली तरी तिला धरून ठेवणारा डिंक सालीवर राहिलाच असेल, तोही निघू दे. आणि बसला आमचे फोटो काढत. कसला डिंक, माझं कपाळ! खायला लव उरली नाही तसं ॲसिड साल खात आत शिरलं, थेट कोंबापर्यंत.

चतुराबाई जुनी जाणती. पेरायच्या आधी तिनं शंभर बिया ओल्या गोणपाटात बांधून ठेवल्या. पाचव्या दिवशी गोणपाट सोडलं, तर एकीलाही मोड नाही. गाडग्यातल्या उरलेल्या बिया भिजवून पाहिल्या, त्यांचीही तीच गत.

सत्यम खाली बघून म्हणाला, दुकानातून चांगलं पाकीट आणून देतो.

"पाकिटातलं बी दुकानाचं असतं रे बाबा," चतुराबाई म्हणाली. "हे माझ्या आईचं व्हतं."

एवढं बोलून ती गोणपाटापाशी बसून राहिली. मला लई वाईट वाटलं. मी तिच्यासाठी काहीच करू शकत नव्हते.

आता ती दुखरा खांदा घेऊन अजिंठ्याकडच्या गावांत घरोघर विचारत फिरतेय. तुमच्याकडं मूठभर गावरान सरकी असेल तर तिच्या पदरात घाला. सत्यमला मात्र सांगू नका.