खंड्याची भाकरी

पहाटे धारेच्या वेळेला बाळासोला जाग यायची ती यायचीच. जाग आली की हात आपोआप बादली चाचपायचा. आता बादली कसली आणि काय! गडमुडशिंगीच्या अंगाला नवी वसाहत, लेकानं बांधलेला बंगला, आरशासारखी फरशी. आणि जन्मभर शिवाजी पेठेत म्हशी राखलेला हा माणूस त्या फरशीवरनं अनवाणी येरझाऱ्या घालायचा. उठायचा, बसायचा, फाटकाची कडी लागलीय का बघून यायचा. कडी लागलेलीच असायची. तरी घटकाभरानं पुन्हा जायचा.

गुडघे गेले म्हणून लेकानं, उदयसिंहानं, पेठेतला गोठा मोडायला लावला होता. म्हशी विकल्या. दोन तेवढ्या पुतण्यानं, ज्ञानूनं, ठेवून घेतल्या. गोठ्यातनं बाळासोबरोबर बंगल्यात आलं ते एकच जितराब, खंड्या कुत्रा. तो म्हशींच्या पायांत वाढलेला. म्हशी रोज रंकाळ्यात धुवायला न्यायच्या, तेव्हा पायऱ्यांवरनं पाण्यात पहिली उडी याची. म्हणून तर पाण्यात सूर मारणाऱ्या पाखराचं, खंड्याचं, नाव त्याला पडलं. बंगल्यात आल्यापासनं तोही बाळासोच्या मागं मागं तसाच फिरायचा. माणूस फाटकाला गेला की कुत्रं फाटकाला.

आणि उदयसिंहानं काय करावं? बंगल्याच्या पुढं बागेत तळं बांधलं. अहो, जो पोरगा म्हशीचं शेपूट धरून रंकाळ्यात पोहायला शिकला, त्यानं दारात चार बादल्यांचं तळं बांधायचं! पण हौसेला मोल नसतं म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्यात लाल मासे सोडले, कमळं लावली. सून स्वप्नाली तर रोज कळ्या बघत बसायची. घटस्थापनेला दारातलं पहिलं कमळ अंबाबाईला न्यायचं असं तिनं सासरमाहेर दोन्हीकडं सांगून ठेवलं होतं.

खंड्याला ह्यातलं काय ठाऊक! त्याला पाणी दिसलं, त्यानं उडी मारली. कळ्या मोडल्या, चिखल ढवळला, आणि तसाच निथळत दिवाणखान्यातनं फिरून आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उदयसिंहाचं डोकं फिरलं.

"आबा, लई झालं आता," तो म्हणाला. "घटस्थापनेपर्यंत ह्याचं पाण्यात जाणं बंद झालं तर बरं. न्हाय तर बिद्रीला धाडतो. स्वप्नालीच्या भावाला मळ्यात राखणीला कुत्रं पायजेच हाय."

"तितं साखळीला बांधत्यात," बाळासो म्हणाला.

"बांधणारच की. राखणीचं कुत्रं मोकळं सोडत्यात व्हय?"

 खंड्याच्या गळ्यात जन्मात कधी दावं पडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुत्र्याच्या आधी बाळासोला स्वतःचाच विचार आला. खंड्या गेला तर ह्या घरात आपल्याला ओळखणारं कोण राहिलं? लेक होता, सून होती, दोघं भली होती. पण त्यांनी ओळखायचं ते आबाला. म्हशींमागनं हाळी देत जाणाऱ्या बाळासोला ओळखणारं हे एवढंच कुत्रं होतं.

"मी शिकवतो त्येला," तो म्हणाला. "अख्खी पेठ म्हणायची, बाळासोच्या म्हशी माणसाचं ऐकत्यात. कुत्र्याचं काय घिऊन बसलायस!"

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कारण बाळासोला शिकवायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हशीची. म्हशीला पाण्यात जायला कुणी शिकवत नाही. शिकवायचं असतं ते बाहेर यायला. म्हैस एकदा पाण्यात बसली की तिला उठवताना घशाच्या शिरा ताणतात. त्यावर गवळ्याचा उपाय असा, की पायरीवर उभं राहून हाळी द्यायची, आणि जी आधी बाहेर येईल तिच्या तोंडात आधी मूठभर सरकीची पेंड. चार दिवसांत सगळ्या म्हशी हाळीसरशी बाहेर यायला लागतात.

बाळासोनं हेच लावलं. खंड्या तळ्यात पडला की हा काठावर भाकरी घेऊन हजर. "हौऽऽ हौऽऽ, चल भाईर!" खंड्या बाहेर आला की दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा. काय गुणी कुत्रं! दोन दिवसांत हाळीसरशी बाहेर यायला लागलं. बाळासो खूश. स्वप्नालीला हाक मारून दाखवलंसुद्धा, "बघ पोरी, कसं ऐकतंय."

"व्हय मामा," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "पण आत जायाचं काय थांबलं न्हाय की."

थांबायचं राहिलंच, उलट वाढलं. आधी सकाळी एकदा जायचा तो दिवसातनं कितीदा जायला लागला. बाळासोला काही उमगेना. जेवण गोड लागेना. पितृपक्ष लागला, घटस्थापना जवळ आली, आणि हा माणूस तळ्याभोवती चिंता करत फिरतोय. मधेच खाली बसायचा, मधेच उठून उरलेल्या कळ्या बघायचा, मधेच कुत्र्यावर खेकसायचा आणि लगेच त्याच्या डोक्यावरनं हात फिरवायचा.

मग एका दुपारी उलगडा झाला. खंड्या आंब्याच्या रोपाखाली कोरडा ठणठणीत झोपला होता. बाळासो सहज भाकरी घेऊन बाहेर आला. खंड्यानं एक डोळा उघडला. भाकरी बघितली. उठला, पळत जाऊन तळ्यात उडी मारली, लगोलग बाहेर आला, आणि बाळासोपुढं शेपूट हलवत उभा राहिला. आण म्हणाला, माझी भाकरी.

स्वयंपाकघराच्या खिडकीतनं स्वप्नाली पोट धरून हसायला लागली. "अहो मामा, त्यो भाकरीसाठीच जायलाय की आत!"

बाळासोनं कपाळावर हात मारून घेतला. त्याला काही हसू आलं नाही. आपण स्वतःच्या हातानं, दुधात बुडवून, ह्याला बिद्रीच्या साखळीला बांधायला निघालो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो तिथंच ओल्या गवतावर बसला.

दुसऱ्या दिवसापासनं सगळं उलटं. गळ्यात मऊ दावं बांधलं. बांधताना त्याला खंड्याच्या तोंडाकडं बघवलं नाही. तळ्यापासनं लांब, पार फाटकापाशी उभं करायचं, "कडंला!" म्हणायचं, खंड्या खाली बसला की भाकरी. तळ्याकडं ओढ घेतली की पाठ फिरवून चालायला लागायचं. भाकरी नाही, बोलणं नाही, बघणंसुद्धा नाही. ह्या न बघण्यानं खंड्या जास्त कासावीस व्हायचा. कुंईकुंई करत पायांत घोटाळायचा. बाळासोचा जीव तुटायचा, तरी तो बघायचा नाही. फाटकापासनं तुळशीपर्यंत, तुळशीपासनं गुलाबापर्यंत, असं थोडं थोडं करत दोघं तळ्याशी आले. मग दावं सोडलं.

सर्वपित्रीच्या दिवशी त्यानं भाकरीचा गोळा उचलून सरळ तळ्यात टाकला. उदयसिंह आणि स्वप्नाली दारात उभी होती. "कडंला!" बाळासो म्हणाला. खंड्या काठावर बसला. पुढचे पाय थरथरत होते, नजर पाण्यावर खिळली होती, लाळ गळत होती. पण हलला नाही. मासे येऊन भाकरी कुरतडायला लागले तरी हलला नाही.

"मानलं आबा तुम्हाला!" उदयसिंह म्हणाला. बऱ्याच दिवसांनी लेक असं मनापासनं बोलला होता.

घटस्थापनेला दारातलं कमळ अंबाबाईला गेलं. खंड्या राहिला. बिद्रीचं नाव कुणी काढलं नाही. उलट पावणे आले की उदयसिंह त्यांना बागेत न्यायचा, तळ्यात बिस्किट टाकायचा आणि म्हणायचा, "बघा, हलणार न्हाय." खंड्या हलायचा नाही. पावणे वा वा करायचे. खंड्या पाण्याकडं बघत राहायचा, आणि ते गेले की तळ्याभोवती फिरायला लागायचा. फिरायचा, बसायचा, उठायचा. बाळासो ते बघायचा आणि तिथनं उठून फाटकाची कडी बघायला जायचा.

दिवाळीच्या पाडव्याला पेठेत म्हशी सजवून मिरवतात. बाळासोनं ते कधी चुकवलं नव्हतं. सकाळीच खंड्याला रिक्षात घालून तो पेठेत गेला. ज्ञानू दोन्ही म्हशी घेऊन रंकाळ्यावर निघालाच होता. खंड्याला बघितल्यावर चंद्री म्हशीनं मान खाली घातली आणि त्याचं अख्खं तोंड जिभेनं चाटलं. खंड्या तर येडाच झाला. भुंकतोय काय, गोल गोल पळतोय काय! बाळासोला वाटलं, गुडघे दुखायचे थांबले.

रंकाळ्याच्या पायऱ्यांवर म्हशींची गर्दी होती. चंद्री पाण्यात उतरली. खंड्या सगळ्यांच्या पुढं, पूर्वीसारखाच, पायऱ्यांवरनं गोळीसारखा सुटला. आणि शेवटच्या पायरीवर थांबला.

थांबला, खाली बसला, आणि मान वळवून बाळासोच्या हाताकडं बघायला लागला.

"काका, काय झालं ह्येला?" ज्ञानू म्हणाला. "आजारी हाय काय?"

"न्हाय रं," बाळासो म्हणाला. 

पाण्यातनं चंद्रीनं मान उचलून खंड्याकडं बघितलं. खंड्याचे पाय थरथरायला लागले. तसेच, तळ्याच्या काठावर थरथरायचे तसेच. पण हलला नाही.

"जा की रं," बाळासो म्हणाला. "जा बाबा. हितं चालतंय." त्यानं पाठीवर थाप मारली, हातातली काठी पाण्यात टाकली, "जा!" म्हणून ओरडला. खंड्यानं कान पाडले आणि पायरीला आणखीन चिकटून बसला. ह्याला कसं सांगायचं, की ते पाणी वेगळं आणि हे वेगळं? बाळासोला रडू आवरेना. एवढी बाप्यामाणसं भोवती असताना तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. 'काय करून बसलो मी,' त्याला वाटलं. 'ह्येला जवळ ठेवायला गेलो, आणि ह्येचं सगळं काढून घेतलं.'

मग त्यानं टोपी काढून ज्ञानूच्या हातात दिली.

"काका! पाडव्याची नवी कापडं हायत! आणि गुडघं..."

"खड्ड्यात गेलं गुडघं!"

तो एकेक पायरी उतरला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. गारठा हाडांत शिरला. चंद्रीचं शेपूट हाताला आलं तसं त्यानं ते धरलं आणि जन्मभराची हाळी दिली, "हौऽऽ हौऽऽ!"

खंड्या उठला. पायरीवर इकडनं तिकडं पळाला, विव्हळला, पाण्यात एक पाय घातला आणि काढून घेतला. बाळासो हाळी देत राहिला. घसा बसला तरी देत राहिला. आणि मग त्या कुत्र्यानं एकदम सगळं झुगारलं आणि उडी घेतली. पाणी उडालं, ज्ञानू ओरडला, आणि पुढच्या क्षणी खंड्याचं ओलं तोंड बाळासोच्या खांद्यावर होतं.

संध्याकाळी बाळासो बंगल्यावर परतला तो एकटाच. ज्ञानूची विजार घातलेली, धोतर पिशवीत. उदयसिंह दारातच होता.

"आबा, हे काय? आणि कुत्रं कुठाय?"

"ज्ञानूकडं ठेवलं."

"का? आता तर शिकलंय की! आता काय तरास हाय त्येचा?"

"शिकलंय म्हणूनच," बाळासो म्हणाला. "त्येला पाणी लागतंय उदय. मी शिकवलं म्हणून ते गप बसतंय. पर लागतंय त्येला. आणि मलाबी लागतंय." एवढं बोलला आणि तळ्याकडं न बघता आत गेला.



दुसऱ्या दिवशी पहाटे धारेच्या वेळेला बाळासो उठला. येरझाऱ्या घातल्या नाहीत. तोंड धुतलं, टोपी घातली आणि सरळ फाटकाची कडी काढली.

"थांबा," मागनं उदयसिंहाचा आवाज आला. तो स्कूटर बाहेर काढत होता. "पेठंतच जायलाय न्हवं? सोडतो. रोज जाणार हाय काय?"

"रोज."

स्वप्नाली डोळे चोळत पायरीवर आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. रात्रीची असावी, कडेला दुधाचा ओला डाग होता.

"मामा, खंड्याला न्या. गेल्या गेल्या घाला, वाट बघत असंल."

बाळासोनं भाकरी घेतली आणि कोपरीच्या खिशात नीट ठेवली.

"गेल्या गेल्या न्हाय पोरी," तो म्हणाला. "आधी पाण्यात जाऊन येऊ दे त्येला. मग देतो."