दोष हाताचा

घरात तिला तिरकी म्हणत. नाव भावानं पाडलं, तिच्या चौदाव्या वर्षी, आणि बाबांनी ते उचलून धरलं. कारण उघड होतं. तिनं सोडलेला बाण डावीकडे जायचा. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, दहातल्या नऊ वेळा. ज्या घरात तीन पिढ्या धनुष्यं घडवण्यात गेल्या, त्या घरच्या मुलीचा बाण भलतीकडे जावा ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती, म्हणून ती येईल त्याला सांगितली जायची.

"हातात दोष आहे," बाबा म्हणायचे. एवढं बोलून ते विषय संपवत.

मग वीट सुरू झाली. रोज सकाळी डाव्या हातात वीट धरायची, हात सरळ करायचा आणि भिंतीसमोर उभं राहायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. खांदा भरून यायचा, बोटं सुजायची, शाळेत दप्तर उचलवायचं नाही. बाण मात्र डावीकडेच. हळूहळू तो हात घरातल्या सगळ्या अपराधांचा धनी झाला. चहा सांडला, हात. शिवण वाकडी गेली, हात. पुढे तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हाही भाऊ म्हणाला, "तिरकीचा नेम चुकला," आणि सगळे हसले. तीही हसली. न हसून करते काय.

सतराव्या वर्षी तिरंदाजी संघाची निवड चाचणी होती. भावाबरोबर तीही जाणार होती, पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "तू राहू दे. तुझं हसं होईल आणि माझ्या धनुष्यांचंही." भाऊ गेला, निवडला गेला, दोन वर्षं खेळला, कंटाळला. आता तो दुसऱ्या शहरात फरशा विकतो. तिनं आपलं धनुष्य कारखान्याच्या भिंतीवर टांगलं आणि बाबांच्या हाताखाली कामाला लागली. त्याला चोवीस वर्षं झाली.

कामात मात्र या दोषी हातानं कधी दगा दिला नाही. रंधा असो, कानस असो, तिच्या हातून लाकूड केसभरही जास्त जात नसे. तयार धनुष्य तपासायला रोज दहावीस बाण मारावे लागत, ते सरळ जात. तो धनुष्याचा गुण, असं ती समजून चालली होती.

तीन वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली. एका डोळ्याला काहीच दिसत नाही, दुसऱ्याला सावल्या. तेव्हापासून ते कारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि कानांनी कारखाना चालवतात. कानस जोरात फिरली तरी त्यांना कळतं. लाकूड ओलं असलं तरी कळतं. हुकूम सोडणं काही नजरेवर अवलंबून नसतं.

गुरुवारी दुपारी एक शिक्षिका आल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी इथूनच धनुष्य नेलं होतं. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, नोकरी संपत आल्यावर काहीतरी आपल्या मनाचं करावं म्हणून बाण मारायला लागलेल्या. धनुष्य त्यांनी असं समोर धरलं होतं की जणू आपणच ते मोडलंय.

"ताई, माझंच काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या. "सगळे बाण डावीकडे जातात. माझ्या हातातच खोट असणार."

"बिनपिसांचा बाण मारून बघितलात का?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

त्यांनी बघितला नव्हता. तिरकीनं त्यांना मागच्या आवारात नेलं. वीस पावलांवर गवताचा दाबून बांधलेला गठ्ठा होता. बाणाला पिसं असली की ती हवेत त्याच्या चुका सावरून घेतात. पिसं काढली की बाण खरं बोलतो. शिक्षिकांनी बाण सोडला. तो गवतात तिरका रुतला.

"टोक डावीकडे, शेपूट उजवीकडे," तिरकीनं हाक मारून सांगितलं.

"मग बाण कडक पडतायत त्या धनुष्याला," बाबा लगेच म्हणाले. दोघी आत आल्या तशी त्यांनी मान बाईंच्या पावलांच्या आवाजाकडे वळवली. "बगलेचं चामडं पातळ केलं की येतील सरळ. आणि बाई, हाताला बोल लावू नका. हात ज्याचा त्याला मिळालेला असतो. धनुष्य त्याला लावून द्यायचं असतं. ते आमचं काम."

मुठीच्या वर लाकडात बोटभर रुंदीची पायरी कोरलेली असते. तिच्यावर बाण टेकतो, ती बैठक. बैठकीशेजारची उभी कड, जिला बाण खेटून असतो, ती बगल. दोन्हींवर सरसानं चामडं चिकटवतात. काम एवढंसं, पण बाण कुठे जाणार ते तिथं ठरतं. तिरकीला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तरीही ती बिनपिसांचा बाण हातात घेऊन तशीच उभी राहिली. बाबा इतक्या मऊ आवाजात कुणाशी बोलू शकतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "माझेही बाण असेच लागायचे. टोक डावीकडे, शेपूट उजवीकडे."

"तुझी गोष्ट वेगळी. तुझ्या हातात दोष होता."

शिक्षिका उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. धनुष्य सोमवारी तयार मिळेल असं ठरलं आणि त्या गेल्या.

त्या संध्याकाळी तिनं आपलं धनुष्य भिंतीवरून उतरवलं. नवी दोरी चढवली. दोन दिवस थोडं थोडं ओढून लाकूड मोकळं केलं. बाण पत्र्याच्या डब्यात होते. प्रत्येकावर दोन लाल रेघा, म्हणजे भावाची खूण. त्याचं धनुष्य तिच्यापेक्षा कितीतरी जड. त्याच्या बाणांची टोकं मोडली की बाबा नवी बसवून ते तिला देत. जड धनुष्याचे कडक बाण हलक्या धनुष्यावर. असे बाण घेऊन एखादं गिऱ्हाईक आलं असतं, तर तिनं दारातच त्याला काय चुकतंय ते सांगितलं असतं. शेकडो लोकांना सांगितलंही होतं. फक्त हे एक धनुष्य तिनं कधी तपासलं नव्हतं. दोष हातातला म्हटल्यावर धनुष्य कोण तपासतं?

शनिवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले असताना तिनं सुरीच्या टोकानं बगलेचं चामडं उचकटलं. खाली आणखी एक चामडं निघालं. भावाच्या धनुष्याला दुहेरी लागायचं. दोन्ही धनुष्यं एकाच आठवड्यात झाली होती. त्याचं माप घेतलं आणि तेच तिच्यावरही थापलं. सरस अजून घट्ट होता. काम चोख होतं, माणूस चुकीचा होता.

तिनं जुनं चामडं अखंड सोडवून बाजूला ठेवलं. नवं एकेरी, तासून पातळ केलेलं लावलं. बाण पूर्ण लांबीनं घासू नये, एकाच जागी टेकावा म्हणून बैठकीच्या चामड्याखाली बारीक काडी सरकवली. सरस वाळू दिला आणि बिनपिसांचा बाण मारला. अजून थोडा डावीकडे. चामडं आणखी घासलं. दुसरा बाण बराचसा सरळ. पुन्हा चार हात पॉलिश पेपर. तिसऱ्या बाणाचं शेपूट टोकाच्या बरोबर मागे उभं राहिलं. मग तिनं पिसांचे सहा बाण मारले. सहाही तळहाताएवढ्या जागेत, मधोमध.

सरस वाळायला गेलेला वेळ धरून सव्वा तास लागला होता. तिनं घड्याळ दोनदा बघितलं.

आनंद झाला नाही. राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. कारखान्याचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून जी वीट लावलेली असते, ती तीच वीट होती. हे चोवीस वर्षं तिला दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

बाबा उठून खुर्चीत आले तेव्हा ती धनुष्य घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "माझं धनुष्य आहे," ती म्हणाली. "सहा बाण मारले. सहाही मधोमध."

त्यांनी हात पुढे केला. मूठ चाचपली आणि सवयीनं अंगठा बैठकीवरून फिरवत बगलेकडे नेला. तिथे अंगठा थांबला. नव्या चामड्यावरून एकदा खाली गेला, एकदा वर आला. त्यांना कळलं, हे तिला दिसलं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की त्यांनी ते तोंडानं म्हणावं.

"चला," बाबा म्हणाले. "बसला म्हणायचा हात शेवटी. वीट फुकट नाही गेली."

तिनं जुनं चामडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हा दोष. बघा, केवढा आहे."

त्यांनी तो तुकडा दोन बोटांत धरला. अंगठ्यानं त्याची कड चाचपली.

"दुहेरी आहे," ते म्हणाले.

"हो."

"तेव्हा दादाची शाळेची स्पर्धा तोंडावर होती. त्याचं आधी लावायचं होतं." त्यांनी तुकडा खुर्चीच्या हातावर नीट ठेवला. "तुझं राहून गेलं असेल."

राहून गेलं. एखादं दळण राहतं, कुणाला पत्र टाकायचं राहतं, तसं. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. निदान मुद्दाम करण्याइतकी तरी ती त्यांच्या मनात असती.

ती वळली. कामाच्या टेबलाशी गेली, शिक्षिकांचं धनुष्य शिकंज्यात लावलं आणि कानस उचलली. थोड्या वेळानं बाबांनी घसा खाकरला. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता.

"त्या बाईंचं सोमवारी द्यायचंय. विसरू नकोस."

"नाही विसरणार, बाबा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाचं आपल्याकडे कधी राहून जात नाही."