धुवायचा राहिलेला पाय

उमरावमामाने भाच्याचा उजवा पाय धुतला, पंच्याने कोरडा केला, अंगठ्याला कुंकू लावलं आणि डावा पाय उचलून परातीत घेतला. तेवढ्यात त्याच्या नाकातून रक्ताचा एक थेंब परातीतल्या पाण्यात पडला. मागोमाग दुसरा पडला आणि मग धारच लागली.

पाटावर बसलेला भाचा, म्हणजे जवळच्या गोरेगावचा डॉक्टर चैतराम, खाली पाहत होता. खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात पहिला विचार आला तो 'बरं झालं' असाच होता. डॉक्टर त्याच्यानंतर जागा झाला. त्याने पाय मागे घेतला, मामाला खांबाशी बसवलं, मान पुढे वाकवली आणि नाक चिमटीत धरलं. सुमित्रामामी धावत जाऊन कांदा फोडून घेऊन आली. ओसरीवरचे पाहुणे उष्णता, उष्णता म्हणत एकमेकांना सरबताचे उपाय सांगू लागले.

एकोणीसशे छप्पनची दिवाळी नुकतीच झाली होती. त्याच आठवड्यात जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला होता, पण गावाला त्याचं काही नव्हतं. गावाला मंडईचं होतं. दिवाळीनंतर गावोगाव ही जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं. उमरावमामाकडे मंडईच्या सकाळी भाच्याचे पाय धुण्याचा सोहळा असायचा आणि तो पाहायला गाव लोटायचं. त्या भागात भाच्याला देवाच्या जागी मानतात. मामाचे केस पिकलेले असोत, भाचा शेंबडा असो, वाकायचं मामानेच. भाच्याकडून काम घेणं पाप आणि भाच्याला देणं पुण्य. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर मामाचं धान उत्तम पिकायचं आणि पुण्याची हौसही त्याला दांडगी होती. भाच्याला नागपूरला ठेवून त्याने डॉक्टर केलं. असा मामा मिळायला नशीब लागतं, असं लोक चैतरामला तोंडावर सांगायचे. चैतराम हसून मान डोलवायचा आणि आतल्या आत दात-ओठ खायचा.

कारण हा देव ज्या बाईच्या पोटी जन्मला, तिचं काय झालं हे कोणी बोलत नव्हतं.

शांतीबाई उमरावची सख्खी बहीण. नवरा वारला तशी पाच वर्षांच्या चैतरामला घेऊन माहेरी आली. आल्या दिवशी पोर देव झालं आणि आई गडीमाणसांच्याही खाली गेली. मागच्या पडवीत ढेकी होती, पायाने दाबून धान कांडायचं ते लाकडी धूड. पहाटेपासून शांतीबाई तिच्यावर उभी असायची. ओसरीवर देवाला दूधभात मिळायचा आणि पडवीत देवाच्या आईला मीठ घातलेली कालच्या भाताची बासी. भाच्याच्या पायाचं पाणी डोळ्यांना लावणारा उमराव बहिणीला 'ए' म्हणून हाक मारायचा. असल्या भक्तीचा राग येणार नाही तो माणूस कसला!

पुढे शांतीबाईचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला फडकं करकचून बांधायची आणि पुन्हा ढेकीवर उभी राहायची. "नाटकं करते, कामाचा आळस," असं उमराव चारचौघांत म्हणायचा. एके सकाळी ती ढेकीवरून कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तीन महिने पडून राहिली आणि मेली. चैतराम तेव्हा नागपूरला पहिल्या वर्षाला होता. सुट्टी काढून आला, तिचा हात हातात घेऊन बसायचा. मनगटाशी त्याच्या अंगठ्याखाली काहीतरी कडक दोरीसारखं सरकायचं. कष्टाचे हात असेच असतात, असं त्याला वाटलं. ती दोरी म्हणजे काय, हे त्याला पुस्तकाने दुसऱ्या वर्षी सांगितलं. तोवर आईच्या अस्थीही वाहून गेल्या होत्या.

मामाचं रक्त थांबलं. चैतरामने सायकलच्या कॅरिअरवरून दाब मोजायची पेटी सोडून आणली.

"ते कायले?" मामा गुरगुरला. "नाकच तं फुटलं. कांद्यानं थांबलं बी."

"दंड द्या, मामाजी."

मामाने सगळ्यांकडे पाहिलं. भाच्याला नाही कसं म्हणणार? त्याने दंड पुढे केला. चैतरामने पट्टा गुंडाळला, हवा भरली, पारा चढवला, कानाला नळ्या लावून हळूहळू उतरवला. दोनशे तीस. त्याने पुन्हा पाहिलं. दोनशे तीसच.

"रक्ताचा दाब लय आहे," तो म्हणाला. "डोकं दुखते का?"

"डोकं-बिकं काई दुखत नाई."

"यायचं डोकं दुखते," सुमित्रामामी दाराआडून हळूच म्हणाली. मामाने असं पाहिलं की तिने पदर तोंडाला लावला.

"अन् दाबाचं म्हणाल, भाचेबापू," मामा म्हणाला, आणि आता तो ओसरीला ऐकू जाईल असं बोलत होता, "तुमी समोर बसून असं डोरे वटारून पाहून राहिले, तं माह्यं रक्त चढन नाई तं काय उतरन? तुमचं तोंडच तसं आहे. दुसऱ्या कोण्या डाक्टरनं पाह्यलं असतं तं पारा हललाबी नसता."

शेजारचा गोवर्धन हसला. त्याला पाहून इतरही हसले. मामाला धीर आला.

"यायच्या लहानपणापासून मी यायचे पाय धुऊन राहिलो, अन् धा साल झाले, हे माह्यावर जळून राहिले. तुमाले काय वाटते, मले समजत नाई?"

मामाचं बोलणं चैतरामला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. माणूस संतापला, घाबरला की दाब चढतो, हे त्याच्याच पुस्तकात लिहिलेलं होतं. ज्याचं तोंड पाहवत नाही त्यानेच दंडाला पट्टा बांधला, तर पारा कोणाचा मोजतोय, आजाराचा की वैराचा?

तो उठला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला. रस्त्यावर फुगेवाले, रेवडीवाले मंडईच्या पटांगणाकडे चालले होते. बराच वेळ गेल्यावर परत येऊन त्याने पुन्हा मोजलं. दोनशे वीस.

"तुमी फाटकातच तं उभे होते," मामा म्हणाला. "दिसून राहिले होते मले."

पुन्हा हशा पिकला. चैतराम रबरी नळी गुंडाळायला लागला. झालं तेवढं पुरे! रोग्याने स्वतः सांगितलंय, यंत्र खोटं आहे. गावाने ऐकलंय. पेटी बांधावी, सायकल काढावी. आज ना उद्या ही शीर मेंदूत फुटेल, आणि कोणी चैतरामला बोल लावणार नाही. उलट मामानेच ऐकलं नाही म्हणतील. हे सगळं त्याच्या मनात इतक्या सरळपणे आलं की त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. त्याला ते आवडलंसुद्धा.

पेटीचं झाकण लावता लावता त्याची नजर वर गेली. गडबडीत मामाची टोपी खाली पडली होती. उघड्या कपाळावर, दोन्ही भुवयांच्या वर, आडवा वळ होता. फडकं रोजच्या रोज आवळून बांधलं की कातडीत रुततं, तसा. असा वळ चैतरामने आणखी एकाच कपाळावर पाहिला होता.

त्याने झाकण उघडलं. मामाचा दंड जवळजवळ ओढूनच घेतला आणि पट्टा पुन्हा बांधला.

"आता काय आणखी!"

"मशीन सोडा. आता मशीन नाई पाहत मी."

त्याने उजव्या हाताने हवा भरत नेली आणि डाव्या हाताची बोटं मामाच्या मनगटावर ठेवली. नाडी ठोकत होती, मंद झाली, मग थांबली. पट्ट्याने वरून रक्त पार बंद केलं होतं. निरोगी माणसाची रक्ताची नळी अशा वेळी रिकामी होऊन चपटते आणि बोटाला काही लागत नाही. मामाची लागत होती. रक्त नव्हतं, ठोका नव्हता, तरी नळी बोटांखाली जशीच्या तशी उभी होती. चैतरामने बोट आडवं फिरवलं तशी ती दोरीसारखी सरकली.

तीच दोरी. भावाबहिणीची एकच.

"तुमचं म्हणणं खरं आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज आता सगळ्या ओसरीला ऐकू येत होता. "मले पाहून तुमचा दाब चढते. चढू द्या. रागाचा दाब घडीभराचा, मी गेलो का उतरन. पण ही नळी घडीभरात कडक होत नाई, मामाजी. आतून सालोसाल जोर बसला तवाच तिची लवचिकता जाते. मले पाहून पारा चढन, पण नाडीची अशी दोरी नाई होणार. हे जुनं आहे."

कोणी हसलं नाही. त्याने हवा सोडली. मामा हात चोळत बसला.

"अन् अशी नाडी मी पहिल्यांदा नाई पाहून राहिलो. तुमच्याच घरी पाह्यली. त्या पडवीत. तिच्याबी कपाळावर असाच वळ होता. तवा तुमी तिले काय म्हणत होते, सांगा या लोकाइले."

"जुनं कायले उकरता," गोवर्धन पुटपुटला.

"तुमी गप बसा." चैतरामने पेटीतून गोळ्यांची पुडी काढली. दाब उतरवणाऱ्या सर्पगंधेच्या गोळ्या होत्या. त्याने त्या मुठीत धरल्या आणि मूठ मांडीवर ठेवली. डॉक्टरने असं करू नये. त्याला ते ठाऊक होतं, आणि तरी मूठ उघडत नव्हती. "डोकं दुखते का, मामाजी? तिसऱ्यांदा नाई इचारणार."

मामा परातीकडे पाहत होता. पाणी गुलाबी झालं होतं.

"दुखते," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"दोन सालं झाले असन. पहाटे लय दुखते. फुटते का काय असं वाटते."

"मंग सांगतलं काऊन नाई? मामीजीले नाई, वैद्याले नाई, मले नाई. डाक्टर भाचा घरात असून!"

मामाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत अजूनही रागच होता, पण तो कोणावर आहे हे त्यालाच कळत नसावं.

"कोण्या तोंडानं सांगू? ज्या दिशी पहिल्यांदा दुखलं ना, त्याच दिशी समजलं मले. हे नाटक नोहे. अशा दुखण्यात ढेकीवर उभं नाई राहता येत माणसाले. अन् ती राहत होती." त्याने ओठ पुसले. "मी दुखते म्हणलं असतं तं गाव म्हणलं असतं, शांतीचं तं नाटक होतं, तुह्यं काय आहे? म्हणून नाई बोललो. घ्या. हेच आयकाचं होतं ना तुमाले?"

हेच ऐकायचं होतं. दहा वर्षं चैतराम याचीच वाट पाहत होता, आणि ऐकल्यावर आपलं काळीज हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आई ओसरीवर आली नाही. उलट दोन वर्षं हा माणूस सगळं समजून-उमजून त्याचे पाय धूत होता, या विचाराने त्याचं पित्त आणखीच खवळलं. पण मूठ मात्र उघडली. त्याने पुडी मामीच्या हातात दिली.

"एक सकाळी, एक झोपताना. नाक चोंदन, सुस्ती येईन, तरी बंद नाई कराच्या. मीठ सोडा. लोणचं, पापड, मिठाची बासी, सगळं बंद. जड उचलाचं नाई, वाकाचं नाई. दर बाजाराच्या दिशी मी येऊन नाडी पाहीन."

"मऊ होईन का थे?" मामीने विचारलं.

"नाई. कडक झालेली नळी मऊ होत नाई. फुटू नाई द्यायची, एवढंच आपल्या हाती आहे."

तो चपला शोधायला उठला. उजवा पाय धुतलेला, कुंकू लावलेला होता. डाव्या टाचेला गोरेगावच्या रस्त्याची धूळ तशीच होती. मामाने ते पाहिलं आणि धडपडत परातीकडे सरकला.

"थांबा. अर्धं राहून गेलं. एक पाय धुऊन भाच्याले दारातून जाऊ देऊ का मी? सत्यानाश होईन घराचा."

"वाकू नका म्हणलं ना."

"धा मिंटाचं काम आहे!"

"अर्धंच राहू द्या," चैतराम म्हणाला. "तीन महिने ती अर्ध्या अंगानं पडून होती. तवा काई सत्यानाश नाई झाला तुमच्या घराचा."

मामा परातीवर दोन्ही हात टेकून तसाच बसला. मग भिंतीला धरून उभा राहिला, एकदम ताठ, दाराला डोकं लागेल इतका.

"ठीक आहे," तो म्हणाला. "दुसरा पाय पुढल्या मंडईले धुईन. मले मारून टाकाले टपलेच असान तुमी, पण तवपर्यंत मी मरत नाई."

"मरूच देत नाई मी तुमाले," चैतराम म्हणाला. चपलेत आधी डावा पाय घातला, मग उजवा. "ती गेली अन् तुमी इतक्या लवकर सुटाल काय? दर बाजाराले येईन. मनगट तयार ठेवा."

त्याने पेटी कॅरिअरला बांधली. मामीने आतून विचारलं, जेवून जात नाही का. तो नाही म्हणाला. फाटकाशी त्याने एकदा मागे पाहिलं. मामीने मामापुढे भाताचं ताट ठेवलं होतं. मामाने ताटाच्या कडेचं मीठ बोटाने बाजूला सारलं, पापड उचलून गोवर्धनच्या हातात दिला आणि अळणी भाताचा पहिला घास तोंडात घातला.