चाळीस दिवसांचं विरजण

मित्रांनो, मी एक जुना काचेचा चंबू आहे. गोल बुडाचा, लांब मानेचा. आणि खरं सांगायचं तर तुम्हा माणसांवर माझा राग आहे. भट्टीत तापलेल्या काचेत फुंकर मारून मला फुगवलं, तेव्हापासून तुमच्या तऱ्हा पाहतो आहे. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी वर्षानुवर्षं आम्लं उकळली. माझ्यासोबत आलेले अकरा भाऊ मुलांच्या हातून फुटले. माझ्या काठाचा नुसता टवका उडाला, तर मला कपाटात मागे ढकललं. काम झालं की धूळसुद्धा पुसत नाहीत!

अनुपमा मॅडमनी मला बाहेर काढलं. त्यांना एका रेणूचं वेड होतं. हा रेणू दोन अर्ध्या तुकड्यांचा. एक तयार रेणू असला की सुटे तुकडे त्याच्या अंगाला येऊन बसतात, एकमेकांना चिकटतात आणि हुबेहूब दुसरा तयार होतो. पृथ्वीवर जीव नव्हते तेव्हा असंच काहीतरी सुरू झालं असावं, असं त्या म्हणत. जुना रेणू नसला तर त्याच कामाला महिने लागत. म्हणून त्या रोज सकाळी कालचे पाच थेंब राखून माझ्यात सुट्या तुकड्यांचं ताजं द्रावण भरत. माझ्या मानेवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, ‘विरजण’.

ती पाहून विभागप्रमुख रमाकांत सर भडकले. "विरजण जिवंत असतं, मॅडम. हे मेलेलं रसायन आहे. माझ्या विभागात हा शब्द नको." त्यांनी चिठ्ठी खरवडून काढली आणि मॅडमना खोटं पाडण्यासाठी थोडं द्रावण बाटलीत भरून नेलं.

चाळीस दिवस झाले. बुधवारी विद्यापीठाचे परीक्षक येणार होते. त्याआधी मॅडम दोन दिवस भावाच्या लग्नाला शेगावला गेल्या. जाताना प्रयोगशाळेतल्या माणिकरावांना म्हणाल्या, "रोज सकाळी फक्त विरजण लावा."

त्या जाताच सरांनी फर्मावलं, "तो चंबू घासून ठेव." माणिकरावांनी घासला. मग त्यांना मॅडमचं सांगणं आठवलं. घरी विरजण संपलं की माणूस काय करतो? शेजारी मागतो. माणिकरावांनी कँटीनवाल्या गौसियाबींकडून चमचाभर दही आणलं आणि ताज्या द्रावणात पाच थेंब घातले. आनंदावर विरजण पडतं हे तुम्ही फक्त वाचलं असेल. मी ते पोटात झेललं.

मंगळवारी दुपारी परतलेल्या मॅडमनी मला नाकाशी धरलं आणि विचारलं, "हा दह्याचा वास कसला?" माणिकराव हात जोडून म्हणाले, "तुमचं गेलं म्हून दुसरं आनलं, मॅडम. गौसियाबीचं दही लय चांगलं लागते."

तेवढ्यात मॅडमना सरांनी नेलेली बाटली आठवली. सर दोन तास वर्गात होते. ते परत आले तेव्हा दिवे लागले होते. मला हातात घेऊन मॅडम त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"सर, त्यातले पाच थेंब द्या. उद्या परीक्षक येताहेत."

सरांनी मान वर केली नाही. "तिन्हीसांज झाली. या वेळी विरजण देत नसतात."

दारातून माणिकराव म्हणाले, "मंग सर, ते जित्तं हाये म्हना की!"

सरांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी कपाट उघडलं आणि बाटली टेबलावर आपटली. "घ्या. आणि परीक्षकांसमोर तो शब्द काढू नका."

मॅडमनी रात्रीतून नवा चंबू भरला. प्रयोग पार पडला. सर त्यांच्याशी अजून बोलत नाहीत. दह्याचा वास लागला म्हणून मी पुन्हा कपाटात आहे.

मित्रांनो, आम्हाला जरूर घासा. पण आधी एवढं विचारा, आत कुणाचं काय आहे? मॅडमचे चाळीस दिवस पुसायला माणिकरावांना दोन मिनिटं लागली. आणि त्या दिवशी त्यांनी मला फार मन लावून घासलं होतं.