दोन दिवसांचं ऊन

अण्णांनी पोत्याला कान लावला आणि हातानेच सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

गोदामात मोजून चार माणसं, तरी चौघांनीही श्वास रोखला. अण्णा थप्पीतल्या एका पोत्यावर गाल टेकवून बराच वेळ वाकून उभे राहिले. मग त्यांनी नमुना काढायची पोकळ सळई पोत्यात खुपसली, तळहातावर मूठभर हरभरा घेतला आणि तो दाराकडच्या उजेडात नेला.

"मॅडम, जरा इकडे येता का?"

मॅडम म्हणजे त्यांची थोरली मुलगी. कृषी बँकेच्या शाखेत ती कर्ज विभाग सांभाळायची. घरी ते तिला ठमी म्हणत, अगदी ती बारीक झाली तरीही. बँकेच्या कामात मात्र मॅडम, तेही शब्द जरा लांबवून आणि एक भुवई वर करून. चारचौघांत आपल्याच पोरीला अहोजाहो करण्यात त्यांना भारी मजा वाटे. तिलाही ते आवडायचं, पण तसं तिने कधी दाखवलं नव्हतं.

ती जवळ गेली. हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांना टाचणीने पाडावीत तशी भोकं होती. एका भोकातून तपकिरी भुंगा बाहेर आला, अण्णांच्या बोटावर चढला आणि इकडेतिकडे फिरू लागला.

"लागला," अण्णा म्हणाले. आवाजातली मजा गेली होती.

शेतकऱ्यांच्या गटाच्या अध्यक्षांना सगळे मावशी म्हणत. त्यांनी पदराने तोंड पुसलं. चौथे होते गोदामवाले काका. ते म्हणाले, "मॅडम, एवढं काय त्यात? धुरीच्या गोळ्या ठेवतो, वरून ताडपत्री घालतो. आठवड्यात एक जिवंत राहणार नाही."

"काका, हा तो माल नाही," ती म्हणाली.

हा तो माल नव्हता, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रासायनिक खतं-औषधं सोडलेल्या शेतकऱ्यांचा गट बांधायचा, जमिनीची तपासणी करून घ्यायची, माल वेगळ्या गोदामात ठेवायचा, त्या मालाच्या तारणावर बँकेने उचल द्यायची आणि लहान मुलांचं पीठ बनवणाऱ्या कारखान्याने तो लागेल तसा उचलायचा: ही सगळी साखळी तिने जुळवली होती. वरिष्ठांच्या पायऱ्या झिजवून, शनिवार-रविवार शेतांच्या बांधांवर काढून जुळवली होती. जमीन स्वच्छ ठरेपर्यंत तीन वर्षं माणसं कमी पिकावर राहिली. त्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त कुरकूर अण्णांनी केली आणि सगळ्यात कमी चुका त्यांनीच केल्या. जन्मभर पाठीवर फवारणीचा पंप वागवलेला माणूस. "तुझी बँक मागे उभी राहणार असेल तर सोडतो बाई," असं म्हणून त्यांनी तो पंप भंगारवाल्याला देऊन टाकला होता. हे गटाचं पहिलं शुद्ध ठरलेलं पीक.

गोदामाला दोन कुलपं होती, एक काकांचं आणि एक बँकेचं. बँकेच्या कुलपाची किल्ली तिच्या पर्समध्ये असायची.

"उपाय आहे," मावशी म्हणाल्या. "पोती बाहेर काढायची. काळ्या ताडपत्रीवर माल पातळ पसरायचा. दोन दिवस कडक ऊन दिलं की भुंगा मरतो. मग चाळून परत भरायचा. आमची माणसं आहेत, ताडपत्र्या आहेत. तुमचा एक पैसा नको."

"मी विचारते," ती म्हणाली.

तिने विचारलं. मोठे साहेब फोनवर अगदी गोड बोलले. ते नेहमीच गोड बोलत, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नसे.

"तारणाचा माल गोदामाबाहेर कसा काढणार? उचल फेडल्याशिवाय पोतं हलत नाही, तुम्हाला का मी सांगायला पाहिजे?"

"सर, अंगणातच. दारापासून वीस पावलं. मी स्वतः थांबते."

"आणि विमा? दाराबाहेरच्या मालाला विमा नाही. कीड दिसली की धुरी द्यायची, हे करारात आहे. नाही दिली तर आतल्या मालाचाही विमा गेला."

"पण सर, धुरी दिली की तो माल सेंद्रिय राहत नाही. मग कारखाना घेणार नाही. आपण ज्याच्यासाठी कर्ज दिलं तेच उरत नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. आपलं म्हणणं पोचलं, असं तिला वाटलं.

"मुद्दा चांगला आहे," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या करारात घालू. टिपण पाठवा."

टिपण तिने कर्ज मंजूर होतानाच पाठवलं होतं. ते एका विभागाने दुसऱ्याकडे टोलवलं होतं, दुसऱ्याने पहिल्याकडे. तारणाचा करार नेहमीचाच राहिला, सगळ्या गोदामांना लागू असलेला. तिने आणखी दोन वाटा शोधल्या. विषारी नसलेला वायू सोडून भुंगा गुदमरवता येतो, पण ते काम करणारी माणसं बँकेच्या यादीत नव्हती. माल शीतगृहात ठेवता येतो, पण तारणाची पावती याच गोदामाच्या नावाची होती. कारखान्याला ती म्हणाली, लवकर उचला. तिथला माणूसही गोडच बोलला. जिवंत किडा दिसला की ट्रक परत, मॅडम, आमचाही इलाज नाही.

शेवटी तिने साहेबांना पुन्हा फोन लावला. निदान माझ्या जबाबदारीवर तरी, असं म्हणाली.

"तुमच्या जबाबदारीवर?" आता साहेबांचा आवाज खाली आला. "तुमचे वडील त्या गटात सभासद आहेत. तुम्ही ते लेखी कळवलंय, प्रामाणिकपणाच आहे तुमचा. पण म्हणूनच सांगतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चूक म्हटली असती. तुम्ही केलंत तर तिला दुसरं नाव पडेल. गटालाही आणि तुम्हालाही."

तिने फोन खाली ठेवला. तिला रडायला यायला हवं होतं, पण आला तो नुसता संताप. तोही कुणावर काढावा ते कळेना, कारण यात एकही माणूस वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोदामाशी पोचली तेव्हा अंगण झाडून लख्ख केलेलं होतं. काळ्या ताडपत्र्या कडेला कडा लावून अंथरल्या होत्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर विटा. गटातली सगळी घरं आली होती. बायकांनी चाळण्या आणल्या होत्या. कुणीतरी तिच्यासाठी सावलीत खुर्चीसुद्धा ठेवली होती. ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते.

काकांनी आपलं कुलूप आधीच काढलं होतं. दारावर उरलं होतं फक्त बँकेचं.

"परवानगी आली नाही," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून जरा मोठ्याने पुन्हा म्हणाली.

लोक ओरडले असते तर बरं झालं असतं. मावशी खाली बसल्या आणि ताडपत्रीवरचा कचरा वेचू लागल्या, जणू अजून माल पसरायचाच आहे.

अण्णा पुढे आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे. सगळ्यांसमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी तिला घरच्या नावाने हाक मारली.

"ठमे, कुलूप उघड."

तिचा हात पर्समध्ये गेला. किल्ली बोटांना लागली, थंडगार. एवढंसं काम होतं. दार उघडलं असतं, माणसांनी पोती पाठीवर घेतली असती, परवा संध्याकाळपर्यंत सगळं जिथल्या तिथे. तिला उघडायचं होतं, अगदी जिवापासून. पण तिच्या डोळ्यांपुढे साहेबांचं ते दुसरं नाव होतं. मग गटाची उचल एका दमात परत मागणारं पत्र. मग या योजनेत यायला निघालेले आणखी चार गट, जे तिच्याच शब्दावर पंप विकायला बसले होते.

"अण्णा, मला अधिकार नाही हो."

ते तिच्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत. लहानपणी ती खोटं बोलली की ते असेच बघायचे, आणि आता तर ती खरं बोलत होती.

"बरं," ते म्हणाले.

पुढचं सगळं पटापट झालं. उशीर केला तर भुंगा आख्खी थप्पी पोखरणार, मग साध्या बाजारातही कुणी हुंगणार नाही, हे मावशींनी उभ्या उभ्या सगळ्यांना समजावलं. धुरीच्या संमतीवर त्यांनी सही केली. मग तिने कुलूप उघडलं. किल्ली एका झटक्यात फिरली.

काकांचा मदतनीस आजारी होता. ताडपत्री थप्पीवर चढवायला गटातलीच माणसं आत गेली. काकांनी तोंडाला मुखवटा लावला आणि कडांवर वाळूच्या लांब पिशव्या ठेवायला सुरुवात केली. अण्णा दारात उभे राहून बघत होते. एका कोपऱ्यात पिशव्या नीट जुळल्या नाहीत, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"अशी नाही. टोकावर टोक चढव. इथून गॅस निसटेल. करायचंच तर धड करा."

ते आत गेले. गुडघे टेकून त्यांनी ती कड स्वतः दाबली, पुढची दाबली, मग सगळी थप्पी फिरून आले. तीन वर्षं ज्या गोष्टीला हात लावला नव्हता ती त्यांच्या हातांना सगळी पाठ होती. गोळ्यांचे ट्रे सरकवायला ते काकांना नेमकी जागा दाखवत होते. मुलाचं अंग चेपावं तसा त्यांचा हात ताडपत्रीवरून फिरत होता. तिला ते बघवेना, आणि तिथून हलताही येईना.

फोन वाजला. साहेबांचा निरोप होता. धुरी दिल्याचा फोटो पाठवा, फाईलला लागेल.

तिने फोटो काढला. सगळे बाहेर आले, दार बंद झालं, दोन्ही कुलपं लागली. काकांनी दारावर धोक्याची लाल पाटी टांगली. मग तिने फोनमध्ये पाहिलं. फोटोत ताडपत्री नीट आली होती आणि थप्पीच्या पायथ्याशी, पाठमोरे, वाकलेले अण्णा. दुसरा काढायला आता आत जाता येत नव्हतं. तिने तोच पाठवला. लगेच साहेबांचा वर केलेला अंगठा आला.

अंगणातल्या ताडपत्र्यांच्या घड्या घालून माणसं आपापल्या घरी गेली. ऊन तसंच होतं.

ती बँकेत परतली. संध्याकाळी घरी आली तेव्हा अण्णा ओट्याशी उभे होते. त्यांनी दोनदा अंघोळ केली होती, तरी हाताला वास येतोय म्हणून लिंबाची फोड चोळत होते. आई काही विचारत नव्हती, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. कोपऱ्यात, पंप ठेवायचे त्या जागी, आता चपला होत्या. तिने आपल्या तिथेच काढल्या.

रोज ती आली की अण्णा काहीतरी चिडवत. आज नाही चिडवलं. तिने पर्स खुंटीला अडकवली, तेव्हा आतली किल्ली वाजली. अण्णांनी तिकडे पाहिलं आणि हात पुसले. त्यांनी ताट वाढलं, पाण्याचा पेला भरला आणि पाटाशेजारी ठेवला. पेला ठेवताना तो जराही सांडू नये म्हणून ते फार जपत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "जेवून घ्या."

तिने मान वर करून त्यांच्या भुवईकडे पाहिलं. भुवई वर जाण्याची वाट बघत ती तशीच उभी राहिली.