दुसरा कागद

माझी सोयरीक इंटरनेटवर मोडली. हसू नका. आमच्या वस्तीवर तेव्हा कुणाकडं कॉम्प्युटरही नव्हता.

हर्षदा माझी चुलत बहीण, पुण्यात पीएचडी करायची. केंदूरजवळच्या आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी तिनं तपासलं, त्यात शिसं निघालं. पोटुशी बाईला आणि पोटातल्या पोराला घातक. जाणकारांनी तिचा निबंध पारखून छापायचा म्हणजे वर्ष जाणार. तोवर माणसं तेच पाणी पिणार, म्हणून तिनं तो कच्चाच इंटरनेटवर टाकला, वस्तीच्या नावानिशी. वर लिहिलं होतं, अजून पारखलेला नाही. सणसवाडीच्या सायबर कॅफेतून त्याच्या झेरॉक्सा निघाल्या, पण ती ओळ कुणी वाचली नाही. उतावळा नवरा म्हणतात. इथं उतावळी बहीण होती आणि नवरा माझा गेला.

कासुर्डीच्या पाहुण्यांचा निरोप आला, सुपारी फुटली असली तरी आता थांबू.

पुढं चूक सापडली. शिसं पाण्यात नव्हतंच, नमुने नेलेल्या बाटल्यांत होतं. हर्षदानं तेही लगेच इंटरनेटवर टाकलं, दुसरा कागद घेऊन दारोदार फिरली. लोक म्हणाले, शिशाचा संशय होता त्या सणसवाडीच्या कंपनीनं पैसे चारले असतील. ती रडायची. तिचं मन चांगलं होतं हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

माझ्या वडिलांनी, आबांनी, हातापाया पडून पाहुण्यांना परत बोलावलं. वहिनीनं पाण्याचे पेले भरले, आईनं ते पुढं ठेवले. कुणी हात लावला नाही. मग हर्षदानं सगळ्यांदेखत तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा केला.

नवऱ्या मुलाची आई ताईबाई शांतपणे म्हणाली, "तू पिलीस गं बाई. पन तुला पुन्याचं पानी हाय. ही जल्मापासनं हेच पितीया."

पाहुणे उठून गेले. आईनं भरलेले पेले अंगणात ओतले आणि आबांना म्हणाली, "सूनबाईला दिस गेल्यात. उद्यापासनं तिच्यापुरता सणसवाडीचा पान्याचा जार आना."

हर्षदा म्हणाली, काकू, पाणी चांगलं आहे.

"असंल," आई म्हणाली.

मी विचारलं, मग मलाही जारचंच देशील ना? आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

"तुजं आता पिऊन झालंय," ती म्हणाली.